नवा टॅब: जादा पैसे नेमके कशाचे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदहून शहाद्याच्या मोबाइलच्या दुकानांत टॅब बघायला जाणाऱ्या पालकांपुढे एकच पेच असतो. जुना मॉडेल स्वस्तात मिळतोय, नवा महाग आहे, आणि दुकानदार सांगतो की नव्यात ‘खूप काही’ आहे. आधी माझे मत सांगून टाकतो. टॅबमध्ये मूलभूत नवे असे गेल्या कित्येक वर्षांत फारसे आलेले नाही. जादा पैसे मोजायचेच असतील तर ते रेंज, पडद्याचा आकार आणि दुरुस्तीची सोय यांसाठी मोजावेत. पातळपणासाठी नाही.

हातात धरून वाचायचा, मुलांनी शिकायचा संगणक ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ अॅलन के यांनी १९७२मध्येच मांडली होती. मायक्रोसॉफ्टने २००२मध्ये पेनवर चालणारे टॅब बाजारात आणले, पण ते जड आणि महाग होते. खरा बदल २०१०मध्ये झाला. अॅपलचा पहिला आयपॅड बोटाने चालत होता, अमेरिकेत ४९९ डॉलरपासून मिळत होता आणि एका चार्जिंगवर दहा तास चालेल असा कंपनीचा दावा होता. मार्च २०२५मध्ये आलेल्या साध्या आयपॅडबद्दलही दावा दहा तासांचाच आहे. मधल्या काळात पडदा सुधारला आणि चिप कितीतरी वेगवान झाली, हे खरेच. पण बालभारतीचे पुस्तक वाचणाऱ्या आणि शिकवणीचे व्हिडिओ बघणाऱ्या मुलाला त्या वेगाचा दहावा हिस्साही लागत नाही. एआयचेही तसेच. हा २०२५चा आयपॅड अॅपलच्याच एआय सुविधांना पात्र नाही. इतर टॅबवरच्या अशा बऱ्याच सुविधांना सतत इंटरनेट लागते, त्यामुळे धडगाव रस्त्यावर पुढे रेंज गेली की त्या थांबतात.

स्वस्ताईचे नावीन्य आपण पाहिलेले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब आला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजारांना पडत होता. त्या किमतीत टॅब देणे ही कल्पना जगाला नवी होती आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण सात इंची पडदा बोट दाबल्याशिवाय ऐकत नसे, स्मृती २५६ एमबी, बॅटरी दोन-तीन तासांची आणि सिमची सोय नाही. लोडशेडिंगच्या गावात तो मुलाच्या उपयोगी पडणे कठीणच होते. आज तीन-चार हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या टॅबकडेही याच नजरेने बघा. टॅबवर किंवा खोक्यावर ‘आर’नंतर आठ आकडे असलेला भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की कंपनीचे नाव दिसते. क्रमांक नसेल तर वस्तू घेऊ नका.

आता हिशेब. नावाजलेल्या कंपनीचा साधा अँड्रॉइड टॅब गेली काही वर्षे दहा ते पंधरा हजारांत मिळतो. सॅमसंगचा टॅब ए-९ ऑक्टोबर २०२३मध्ये १२,९९९ रुपयांपासून आला. या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे १२,९९९पैकी जवळपास १,९८३ रुपये कराचे. ‘जीएसटी वेगळा’ म्हणणारा दुकानदार छापील किमतीवर पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि ‘बिल नको, स्वस्तात देतो’ ही सूट घेऊ नका, कारण बिलाशिवाय वॉरंटी मागताना हात रिकामे असतात.

आयपॅडचा खर्च खोक्यावर संपत नाही. २०२५चा आयपॅड भारतात ३४,९०० रुपयांपासून आला. साधी अॅपल पेन्सिल ७,९००, कीबोर्डचे कव्हर २४,९००. बेरीज ६७,७०० होते आणि तेवढ्यात चांगला लॅपटॉप येतो. चित्रकला किंवा संगीत मनापासून करणाऱ्या मुलासाठी हा खर्च मी समजू शकतो, बाकीच्यांसाठी नाही. त्याच आयपॅडचा सिमवाला प्रकार ४९,९०० रुपयांना आला, म्हणजे फक्त रेंजसाठी १५ हजार जादा. घरात कुणाचा तरी फोन कायम असेल तर हॉटस्पॉटवर भागते आणि हे १५ हजार वाचतात. पण वडील शेतात आणि फोन त्यांच्या खिशात असेल, तर वायफायचा टॅब दिवसभर पडून राहतो. अशा घराने अँड्रॉइडमधला सिमवाला घ्यावा, तिथे फरक बराच कमी असतो. विजेची चिंता नको. रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक-सव्वा युनिट जळते.

दुकानात एक चाचणी जरूर करा. ई-बालभारतीवरून दहावीच्या विज्ञानाची पीडीएफ आधीच उतरवून न्या आणि टॅबवर उघडा. साडेआठ इंची पडद्यावर आकृतीतली अक्षरे वाचायला पान मोठे करावे लागले, तर रोज तेच होणार. अकरा इंची पडद्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विचारा.

हप्त्यांवर घेताना ‘शून्य टक्के’ या शब्दांवर विसंबू नका. शून्य व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बजावले आहे. व्याज किमतीत, फाइल चार्जमध्ये किंवा नाकारलेल्या रोख सवलतीत असते. १ ऑक्टोबर २०२४पासून कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला समजेल अशा भाषेत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. ते मागा, त्यातला वार्षिक एकूण दर वाचा, मगच सही करा.

पैसे काढण्याआधी सरकारी योजना पाहा. नागपूरची ‘महाज्योती’ संस्था ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, जेईई-नीट-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि इंटरनेट मोफत देत आली आहे. आदिवासी मुलांना मात्र ही सोय लागू नाही, आणि २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातीची आहे. त्या पालकांनी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चालू योजना विचारावी. डोंगरातल्या मुलांना या सोयीची गरज सर्वांत जास्त आहे.

शेवटचा खर्च फुटलेल्या पडद्याचा. वॉरंटीत तो येत नाही. खरेदीपूर्वीच विचारा: अधिकृत सेवा केंद्र शहाद्यात आहे, नंदुरबारला, की धुळे-नाशिकला? पडदा बदलायला किती? उत्तर टॅबच्या निम्म्या किमतीच्या घरात असेल तर जाड कव्हर त्याच दिवशी घ्या. वॉरंटीतला दोष दुरुस्त करून मिळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नंदुरबारला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबत बिल आणि वॉरंटी कार्ड जोडा.