शिकवण्याच्या रीती आणि गुणांची तुलना

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील मोडी कागदपत्रे मराठी अभ्यासकांना नेहमीच खुणावत आली आहेत. त्याच संग्रहात एक निराळा ऐवजही आहे. दुसरे सरफोजी राजे भोसले (१७७७–१८३२) यांच्या काळात धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत. त्यांपैकी काही नेत्ररुग्णांची टिपणे आजही जपून ठेवलेली आहेत. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार, त्यांचा परिणाम आणि सोबत डोळ्याचे चित्र असे त्यांचे स्वरूप आहे. उपचारापूर्वीची स्थिती लिहून ठेवली नसेल, तर उपचाराने गुण आला की नाही हे सांगता येत नाही, ही जाण त्या कागदांमागे आहे.

याच राजांनी नवविद्या कलानिधी ही शाळा काढली आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी मुद्रणालय सुरू केले. इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये तेथेच छापले गेले. डोळ्यांच्या बाबतीत पाळलेली नोंदींची शिस्त वर्गाच्या बाबतीत पाळायची, तर काय करावे लागेल? शिकवण्याच्या दोन रीतींपैकी कोणत्या रीतीने मुलांचे गणित अधिक सुधारते, हे कसे ठरवावे? या पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

तुलनेविना प्रयोग

सरफोजी राजे गादीवर आले त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७९७ मध्ये, लंडनमध्ये एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक होते अँड्र्यू बेल आणि विषय होता मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या संस्थेत त्यांनी चालवलेली शिक्षणपद्धती. स्थानिक शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना बेल यांनी पाहिली आणि ती रीत आपल्या संस्थेत आणली. पुढे मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे, अशी सर्व शाळेची रचना केली. ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडमध्ये फार वेगाने पसरली.

बेल यांच्या पुस्तकाच्या नावात ‘प्रयोग’ हा शब्द आहे. परंतु आजच्या अर्थाने तो प्रयोग नव्हे. संस्थेतील मुले शिकली हे खरे; पण जुन्या रीतीने ती किती शिकली असती, हे ताडून पाहण्यासाठी दुसरा गट नव्हता. मुले वाढतात, शिकतात, वर्षभरात काही ना काही त्यांना येऊ लागतेच. त्यातले किती रीतीमुळे आणि किती केवळ काळामुळे, हे एकाच गटाकडे पाहून उमगत नाही.

कच्च्या मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. एका परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडली आणि काहीही न करता महिन्याने पुन्हा परीक्षा घेतली, तरी त्यांची सरासरी बहुधा थोडी वर सरकते. पहिल्या दिवशी कोणाला ताप होता, कोणाचा प्रश्न वाचण्यात घोटाळा झाला. दुसऱ्या वेळी तो योग नसतो. उपचारात्मक वर्गांचे कितीतरी कौतुक या आपोआप झालेल्या वाढीवर उभे असते.

एक उदाहरण

पूर्वी तमिळ प्रदेशातील तिण्णै शाळांत, म्हणजे घराच्या ओट्यावर भरणाऱ्या शाळांत, मुले अंकांचे आणि अपूर्णांकांचे कोष्टक मोठ्याने घोकत. मराठी मुलांच्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी यांशी त्याचे नाते सहज ध्यानात येते. घोकंपट्टी म्हणून आज आपण या रीतीला नाक मुरडतो, पण ते मोजून ठरवलेले मत नव्हे.

समजा, राजवाड्याजवळच्या एका शाळेत पाचवीची ६० मुले आहेत. (पुढील सर्व आकडे केवळ गणित समजण्यासाठी कल्पिलेले आहेत.) अपूर्णांक शिकवायचे आहेत. एक रीत कोष्टके पाठ करून घेण्याची, दुसरी मुलांनी गटात बसून कागदाच्या घड्या घालत शिकण्याची. मुलांची विभागणी कशी करावी? हुशार मुले एकीकडे गेली किंवा पालकांनीच गट निवडला, तर तुलना सुरुवातीलाच बिघडते. म्हणून चिठ्ठ्या टाकून ३०-३० मुलांचे दोन गट करावेत. याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. तिच्यामुळे हुशारी, घरची मदत, हजेरीची सवय अशा ज्ञात-अज्ञात गोष्टी दोन्ही गटांत सामान्यतः सारख्या वाटल्या जातात.

आरंभी ५० गुणांची चाचणी घ्यावी आणि दोन महिन्यांनी त्याच तोलाची दुसरी. पाठांतराच्या गटात सरासरी वाढ ६ गुण, घड्यांच्या गटात ९ गुण झाली. फरक ३ गुणांचा. मग घड्यांची रीत जिंकली का?

येथे थांबावे लागते. सर्व मुलांचे गुण सारखे वाढलेले नसतात. कोणाचे १५ ने वाढतात, तर कोणाचे जागच्या जागी राहतात. ही पांगापांग प्रमाण विचलनाने मोजतात. दोन्ही गटांत वाढीचे प्रमाण विचलन ६ आहे असे धरू. मग सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी ६ × √(१/३० + १/३०), म्हणजे सुमारे १.५५ येते. ३ ला १.५५ ने भागले की टी-मूल्य सुमारे १.९४ मिळते. दोन्ही रीती सारख्याच आहेत, ही शून्य परिकल्पना ५ टक्के सार्थकता पातळीवर नाकारण्यासाठी ५८ मुक्तता मात्रांकरिता सुमारे २.०० मूल्य लागते. आपले मूल्य किंचित कमी पडले.

याचा अर्थ ‘दोन्ही रीती सारख्याच’ असा मात्र नाही. खरा फरक साधारण –०.१ ते ६.१ गुणांच्या दरम्यान असू शकतो, एवढेच या ६० मुलांकडून कळले. म्हणजे तो जवळपास शून्य असू शकतो आणि चांगला सहा गुणांचाही असू शकतो. अशा वेळी निकाल जाहीर करण्याऐवजी अधिक मुले घेऊन पुन्हा पाहणे हेच शहाणपणाचे.

आणखी एक अडचण सूत्रात दिसत नाही. एक गट एका शिक्षकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे असेल, तर आपण रीतींची तुलना केली की शिक्षकांची? म्हणून मोठ्या अभ्यासांत मुलांऐवजी पुष्कळशा शाळा किंवा वर्ग चिठ्ठ्यांनी वाटतात, आणि हिशेब करताना एका वर्गातील मुले परस्परांपासून स्वतंत्र नाहीत हे लक्षात घेतात.

मुंबई आणि वडोदरा

तमिळनाडूने कृतियुक्त अध्ययनाची पद्धत २००३ मध्ये चेन्नईच्या काही महापालिका शाळांत सुरू केली आणि २००७-०८ मध्ये ती राज्यभर नेली. तंजावर जिल्हाही त्यात आला. हेतू उत्तम होता. परंतु सगळीकडे एकच पद्धत आली की शेजारी तुलनेसाठी कोणी उरत नाही.

याउलट, ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व वडोदरा येथे राबवलेल्या बालसखी उपक्रमाची २००१ ते २००३ या काळात रीतसर तुलना झाली. वस्तीतील शिकलेली तरुणी, म्हणजे बालसखी, मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणित शिकवी. काही शाळांत तिसरीला आणि काहींत चौथीला बालसखी मिळाली. त्यामुळे कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही साधली. ही योजना मला फार सुंदर वाटते. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते, आणि वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. वडोदऱ्यात संगणकावरील गणिती खेळांनी गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढवले.

कच्ची मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्ग लहान होई. तरीही तेथे राहिलेल्या मुलांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवणे पुरेसे नव्हते. मूल जेथे आहे तेथून शिकवणे महत्त्वाचे ठरले. केवळ एक सरासरी पाहणाऱ्याला हे कळले नसते. संशोधकांनी एक वर्षानंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा लाभ उरला होता, पण ओसरून सुमारे ०.१० प्रमाण विचलनावर आला होता.

कृती : वरील कल्पित उदाहरणात प्रत्येक गटात ३० ऐवजी ६० मुले आहेत असे समजा, सरासरी वाढ आणि प्रमाण विचलन तेच ठेवा. प्रमाण त्रुटी सुमारे १.१० आणि टी-मूल्य सुमारे २.७४ येते का, ते पडताळून पाहा. आता शून्य परिकल्पनेविषयी आपला निर्णय काय असेल? दोन्ही गटांना शिकवणारे शिक्षक वेगवेगळे असतील, तर तो निर्णय कितपत टिकेल, यावर आपले मत चार-पाच वाक्यांत लिहा.