चित्रफितीचा पाठ व त्याची पूर्वतयारी



गेल्या पावसाळ्यात एका डोंगराळ गावच्या शाळेत चौथीचा पाठ पाहण्याचा योग आला. विषय जलचक्र. पडद्यावर समुद्राच्या पाण्याची वाफ वर चढू लागली, मुलांच्या माना उंचावल्या, आणि तोच इंटरनेट खंडित झाले. गुरुजी दहा मिनिटे खटपट करीत होते. तोवर मुले खिडकीबाहेरचा पाऊस पाहू लागली. नकाशा आपण आदल्या दिवशी कपाटातून काढून ठेवतो. चित्रफितीचेही तसेच केले पाहिजे.

साधन : वायटी-डीएलपी हे विनामूल्य साधन यास उपयोगी पडते. २००६ साली निघालेल्या यूट्यूब-डीएलचा हा पुढील अवतार होय. यास बटणे नाहीत. संगणकाच्या टर्मिनलमध्ये कमांड टंकावी लागते. काही ठिकाणी चित्र व ध्वनी वेगवेगळे उतरतात. ते जोडण्यासाठी एफएफएमपेग हे साधनही संगणकावर असावे.

कृती : (१) साधनाचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत टंकावे. (२) जागा सोडून उणे चिन्ह व त्यास लागून मोठा एफ लिहावा. (३) पुन्हा जागा सोडून चित्रफितीची लिंक दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावी. उपलब्ध प्रतींची यादी दिसेल. (४) नंतर मोठ्या एफऐवजी मोठा एस, जागा, आर-ई-एस ही लहान अक्षरे, अपूर्णविराम व ३६० असे लागोपाठ लिहावे. शक्यतो ३६० रेषांपर्यंतची प्रत उतरेल. मध्येच इंटरनेट गेल्यास तीच कमांड पुन्हा द्यावी. बहुधा राहिलेला भागच उतरतो.

मोठ्या प्रतीचा मोह नसावा. सेकंदाला ५ लाख बिट लागणारी १० मिनिटांची फीत सुमारे साडेसदतीस मेगाबाइट भरते. २५ लाख बिटांची तिच्या पाचपट. वर्गातील लहान पडद्यास पहिली पुरते.

दक्षता : १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ अध्यापनाच्या ओघात प्रत करण्यास मुभा देते, परंतु संकेतस्थळाच्या अटी ही निराळी बाब आहे. यूट्यूबच्या अटी परवानगीवाचून उतरवून घेण्यास मनाई करतात. यास्तव विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याच्या संग्रहांपासून आरंभ करावा व कर्त्याचे नाव वर्गात सांगावे. दीक्षा ॲपवरील पाठ त्या ॲपमधूनच जतन करावेत.

फीत हाती आल्यावर ती आदल्या दिवशी स्वतः संपूर्ण पाहावी. कोठे थांबवून कोणता प्रश्न विचारावयाचा, हे पाठटाचणात नोंदवावे. वाफ वर चढताना फीत थांबवून, "आता पुढे काय होईल?" असे विचारता येणे, हाच या खटाटोपाचा खरा लाभ होय. उत्तर मुलांनी द्यावे. पडद्याने ते मागाहून दाखवावे.