दोन पदव्या आणि त्यांमधला सांधा

कलाशाखेची पदवी आणि माहिती तंत्रज्ञानाची पदवी एकाच वेळी घ्यावी, हा विचार बारावीच्या निकालानंतर ज्यांच्या घरात गंभीरपणे होऊ लागतो, त्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न अलीकडे माझ्यापर्यंत वारंवार येतात. आणि मराठी विषयाची बी.ए. व त्याच काळात बी.सी.ए. असा दुहेरी अभ्यास पुण्यात मी स्वतः पुरा केलेला असल्यामुळे, त्या प्रश्नांना ‘अवश्य करा’ किंवा ‘मुळीच करू नका’ असे तोडून उत्तर देणे मला शक्य होत नाही. जे सांगता येते ते एवढेच की, हा मार्ग ‘जोडपदवी’ या ज्या नावाने ओळखला जातो ते नाव आपल्याकडे त्याला लागू पडत नाही, आणि बहुतेक अडचणींचा उगम तिथेच आहे. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत कला आणि माहिती तंत्रज्ञान यांची जोडपदवी मिळते, तेव्हा तीन-तीन वर्षांचे दोन अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांत बसवलेले असतात. दोहोंत सामाईक ठरणारा भाग एकदाच मोजला जातो, वेळापत्रकाची जबाबदारी एकाच विद्यापीठाची असते, आणि विद्यार्थ्याची नोंद एकाच दप्तरात राहते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये जी परवानगी दिली ती दोन स्वतंत्र पदव्या समांतर घेण्याची आहे. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गांचे असले तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, अशी तिची मुख्य अट. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ अथवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ, हेही तिला मान्य आहे. परवानगी उदार आहे, आणि मी तिची ऋणी आहे. परंतु दोन पदव्यांना जोडणारा सांधा तिच्यात कुठेही नाही, तो विद्यार्थ्याने स्वतः घडवायचा असतो, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

प्रथम वेळेचा हिशेब पाहावा, कारण तो निष्ठुर आहे. आजच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला 20. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरतात. दोन पदव्यांचे 40 श्रेयांक झाले, आणि ते सगळे व्याख्यानांचेच मानले तरी पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 40 तास नुसते वर्गात बसण्यात जातात. संगणकाची प्रात्यक्षिके धरली की ही संख्या वर चढते, आणि वाचन, जर्नल, सबमिशन, दोन महाविद्यालयांमधला प्रवास यांचा तिच्यात समावेशच नाही. शिवाय श्रेयांकांच्या राष्ट्रीय पेढीचा नियम असा की, एका पदवीसाठी एकदा वापरलेले श्रेयांक खात्यातून कायमचे वजा होतात; तेव्हा इकडचा अभ्यास तिकडे दाखवून भार हलका करावा, ही आशा फोल आहे. ज्याला संगणक समजून घ्यायचा आहे परंतु त्या विषयाच्या पदवीची नोकरीसाठी वा पुढील प्रवेशासाठी निकड नाही, त्याने नव्या शैक्षणिक धोरणातील मुख्य विषय आणि मायनर यांची तजवीज नीट पाहावी, हे मी आग्रहाने सांगते; कारण मराठी मुख्य आणि संगणक मायनर असा योग आपल्या महाविद्यालयात उपलब्ध असेल, तर एकाच पदवीच्या श्रेयांकांत पुष्कळ काही साधते. दोन पदव्यांचा मार्ग ज्यांना पुढे दोन्ही शाखांत पदव्युत्तर शिक्षणाचे दार उघडे ठेवायचे आहे त्यांच्यासाठी आहे. केवळ हुशारी सिद्ध करण्यासाठी तो नाही.

आता दप्तराची बाब. आपल्याकडील महाविद्यालये प्रवेश कायम करताना शाळा वा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला जमा करून घेतात, आणि मूळ दाखला एकच असतो. माझा दाखला कलाशाखेच्या महाविद्यालयात रुजू झाला होता; दुसऱ्या संस्थेतील कारकुनांनी, “मूळ दाखला आल्याशिवाय प्रवेश कायम होत नाही, ताई, परिपत्रकात काही का असेना,” असे मला सांगितले, आणि त्यांच्या दृष्टीने ते चुकीचे बोलत नव्हते, कारण आयोगाच्या परवानगीला अनुसरून स्वतःची कार्यपद्धती ठरवण्याचे काम त्या संस्थेने तोवर केलेलेच नव्हते. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात राहिला, प्रत्येक ठिकाणी त्यावर नवा शेरा पडला, आणि प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा पहिल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी, मूळ दाखला आपल्याकडे जमा असून विद्यार्थिनीस दुसऱ्या अभ्यासक्रमास बसण्यास हरकत नाही, असे पत्र सहीशिक्क्यानिशी दिले म्हणून ते प्रकरण निभावले. यास्तव, शुल्क भरण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी लेखी विचारावे की मूळ कागदपत्रांऐवजी साक्षांकित प्रत आणि बोनाफाईड चालेल काय, विद्यापीठे भिन्न असल्यास स्थलांतर प्रमाणपत्राचे काय करावयाचे, आणि शिष्यवृत्ती वा शुल्कसवलत कोणत्या एका प्रवेशावर मागावयाची. उत्तर तोंडी मिळाले तर त्याचा मसुदा स्वतः करून, तारीख घालून, पोच घ्यावी. तोंडी आश्वासन देणारी व्यक्ती पुढील सत्रात त्या खुर्चीवर नसते.

परीक्षांची गोष्ट याहून बिकट आहे. आयोगाची अट तासांच्या वेळांविषयी बोलते. दोन संस्थांच्या परीक्षांच्या तारखा जुळवून देण्याचा अखत्यार मात्र प्रत्यक्षात कोणाकडेच नसतो. माझ्या एका सत्रात मराठीचा पेपर आणि डेटा स्ट्रक्चर्सची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच सकाळी आल्या. तारखा जाहीर होताच मी दोन्हीकडे अर्ज दिले; एकीकडून उत्तर आले की विद्यापीठाचे वेळापत्रक एका विद्यार्थिनीसाठी बदलत नाही, आणि दुसरीकडून उत्तरच आले नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक एकदाच येतात, लेखी पेपर पुढील सत्रात पुन्हा देता येतो, म्हणून मी मराठीचा पेपर सोडला आणि एटीकेटी घेऊन पुढे गेले. गुणपत्रिकेवरील ती नोंद मुलाखतीत आजही मला खुलासा करावयास लावते. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोहोंपैकी एक पदवी मुक्त वा दूरस्थ पद्धतीने घ्यावी, आणि तीही त्या अभ्यासक्रमाला आयोगाची चालू वर्षाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहून. बी.सी.ए.च्या बाबतीत आणखी एक बदल ध्यानात असावा: 2024 पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असून महाराष्ट्रात त्यासाठी प्रवेशपरीक्षाही सुरू झाली, तेव्हा निकालानंतर सावकाश ठरवू, असे म्हणून चालत नाही.

इतके सोसूनही मी हा मार्ग निषिद्ध का म्हणत नाही, हे सांगण्यासाठी मला संगणकाच्या पहिल्या वर्षातील एक साधा पाठ सांगितला पाहिजे. कोणत्याही प्रोग्रामिंगच्या वर्गात एखादा शब्द उलटा लिहिण्याचा कार्यक्रम प्रारंभीच शिकवतात, आणि रोमन अक्षरांवर तो निर्दोष चालतो. मी तो ‘स्त्री’ या शब्दावर चालवला, तेव्हा पडद्यावर एक अनाथ वेलांटी पुढे आली आणि तिच्या मागे हलन्त चिन्हांचा विस्कटलेला ढीग उभा राहिला. कारण आपल्या डोळ्यांना जे एक अक्षर दिसते, ते यंत्राच्या स्मृतीत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा संकेतांची ओळ असते, आणि अक्षर म्हणजे काय, हे त्या ओळीला ठाऊक नसते. अक्षराची व्याख्या मी त्याच आठवड्यात सकाळच्या वर्गात व्याकरणाच्या तासाला ऐकली होती. सकाळच्या वर्गाला यंत्राचा प्रश्न माहीत नव्हता, दुपारच्या वर्गाला व्याकरणाचे उत्तर माहीत नव्हते, आणि दोन्ही वर्गांत बसणारी मी एकटी होते.

त्याहून सूक्ष्म प्रकार शोधाचा. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र, जो मुद्रणात पापणीसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एक ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, आणि दुसरी साध्या र-ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे; यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. तीच गत ‘ॲ’ची, ज्याला स्वतंत्र संकेत 2008 साली मिळाला आणि जो त्यापूर्वी, व पुष्कळ ठिकाणी आजही, अ-वर चंद्र ठेवून लिहिला जातो. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही हे भेद मिटत नाहीत. परिणामी एखाद्या ग्रंथसंग्रहाच्या सूचीत शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाला निम्मी पुस्तके मिळत नाहीत, आणि ती संग्रहात नाहीतच असे तो समजतो. हा दोष दुरुस्त करण्यासाठी प्रोग्रामिंग फार लागत नाही; परंतु कोणते दोन संकेत एक मानावेत आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ मात्र कधीही एक मानू नयेत, याचा निर्णय मराठी जाणणाराच करू शकतो.

या सांध्यावर यापूर्वी मोठी माणसे उभी राहिली आहेत. इटलीतील रोबेर्तो बुसा या जेझुइट धर्मगुरूंनी सेंट थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लॅटिन लेखनाची शब्दसूची यंत्राने करण्यासाठी 1949 मध्ये आय.बी.एम.चे साहाय्य मिळवले, आणि छिद्रपत्रांपासून सुरू झालेले ते काम पुढे 56 खंडांत प्रसिद्ध झाले. आपल्याकडे र. कृ. जोशी हे सुलेखनकार, कवी आणि आय.आय.टी. मुंबईतील अध्यापक; विंडोज वापरणाऱ्या लक्षावधी लोकांनी देवनागरी ज्या ‘मंगल’ टंकात प्रथम वाचली, तो त्यांनी सिद्ध केला. याउलट ज्या आमिषाने पुष्कळ विद्यार्थी संस्कृत आणि संगणक असा योग निवडतात, ते आमिष खोटे आहे. ‘नासा’ने संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा ठरवली, असे जे सांगतात, त्याच्या मुळाशी 1985 साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने लिहिलेला एक लेख आहे, शास्त्रीय संस्कृतातील अर्थविश्लेषणाची रीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील ज्ञाननिरूपणाची रीत यांतील साम्य त्यात दाखवले होते, आणि संस्थेचा तो ठराव नव्हता. पाणिनीची थोरवी त्या अफवेवर अवलंबून नाही, आणि विद्यार्थ्याने आपली पाच-सहा सत्रे तिच्यावर लावू नयेत.

तेव्हा या मार्गाने जाणाऱ्याने पहिल्याच वर्षी एखादा ग्रंथ, एखादा कोश वा एखादा प्रश्न असा निवडावा, की जो दोन्ही वर्गांतून सोबत नेता येईल. माझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मराठी शब्दशोधाचा विषय मी मांडला, तेव्हा संगणक विभागात ग्रंथालय-व्यवस्थापनाचा ठरीव प्रकल्प घेण्याचा सल्ला मिळाला, आणि मराठी विभागात हे काम वाङ्मयाचे नसून कारकुनीचे आहे असे मत पडले. दोघांचीही मंजुरी मिळाली ती दोघांना त्यांच्याच परिभाषेत लिहिलेल्या दोन निराळ्या टिपणांमुळे: एकात शोधाची अचूकता कशी मोजणार याचा तपशील, दुसऱ्यात लेखनपद्धतीच्या इतिहासाचा विचार. ही टिपणे चौथ्या सत्राच्या अखेरीस द्यावीत. पाचव्या सत्रात मार्गदर्शक नेमले जातात, गट पाडले जातात, आणि एकदा गटाचा विषय नोंदवला गेला की तो बदलण्यासाठी सर्व सदस्यांच्या सह्या लागतात.