ट्रॉलीचा हूक खालीच का?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या रस्त्यावर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावताना दिसतात. ट्रॅक्टर उभा असताना, चालकाला विचारून, त्याची मागची जोडणी पाहा. ट्रॉलीच्या दांडीचे टोक हुकात अडकवून त्यातून लोखंडी पिन घातलेली असते. हा हूक मागच्या चाकांच्या आसापेक्षा खाली असतो. तो तेथेच का बसवतात?

एक सोपा प्रयोग करा. वीट जमिनीवर उभी ठेवा. तिच्या तळाशी दोरी बांधून हळूच ओढा. वीट सरकत येईल. आता दोरी वरच्या टोकाजवळ बांधून ओढा. वीट आडवी पडेल. दोरीची उंची वाढली, तसे उलटवणारे परिबल वाढले. परिबल म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही तरफेच्या धड्यात शिकला आहातच.

आता विटेच्या जागी २,००० किलोग्रॅमचा ट्रॅक्टर कल्पा. पुढच्या चाकांवर ७०० किलो भार आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना दांडीवर १,००० किलोभाराची ओढ बसली. (बल किलोत मोजल्याबद्दल शिक्षकांनी क्षमा करावी, हिशेब सोपा होतो.) हूक जमिनीपासून ०.४ मीटर उंच असेल, तर परिबल ४००. त्याला २ ने भागा. पुढच्या चाकांवरचा भार २०० किलोंनी घटला, ५०० उरला. पण चाक निघत नाही म्हणून घाईने साखळी वर, १ मीटर उंचीवर, टॉप लिंकच्या जागी बांधली तर? भार ५०० किलोंनी घटतो, उरतात फक्त २००.

शिवाय दोनचाकी ट्रॉलीची दांडी हुकाला खाली दाबते. हा दाब ५०० किलो आणि हूक आसाच्या ०.६ मीटर मागे धरला, तर पुढचा भार आणखी १५० किलोंनी कमी होतो. म्हणजे खालच्या हुकाने ३५० किलो उरतात, वर बांधल्यास अवघे ५०! अशा वेळी स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर नीट वळत नाही. त्यात क्लच झटक्याने सोडला किंवा पुढे बांध आला, की पुढची चाके उचलतात आणि एक-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागच्या मागे उलटून चालकावर पडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

मग दांडीचा दाब नसलेलाच बरा का? तसेही नाही. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते, हे गाडीवान जाणतो. ट्रॉली उलाळ झाली की दांडी हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून माल ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे झुकता भरावा.

आता पिन. २५ मिलिमीटर जाडीची पिन झिजून २० मिलिमीटर झाली, तर डोळ्याला फारसे जाणवत नाही. पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २० चा वर्ग ४००, २५ चा ६२५. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेली! दोन ट्रॉल्या असतील, तर पहिल्या जोडावर दोन्हींची ओढ येते. तेथील पिन आधी तपासावी. पिनऐवजी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पिन वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला खीळ हवी आणि पिन तुटलीच तर दांडी जमिनीत रुतू नये म्हणून दांडीखालून सुरक्षा-साखळी हवी. दांडीवर बसून शाळेला येणारी मुले याच जागी बसलेली असतात, हे ध्यानात घ्या.

उतारावर सगळे उलटे होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि वळणावर दोन्ही कात्रीसारखी मिटतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा रोधही जातो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतात. शेतात डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबण्याची सोय असते; रस्त्यावर येताना ती दोन पेडले कडीने एकत्र जोडलेली आहेत ना, हेही पाहून घ्यावे लागते.