युनि-व्हाइबची वंशावळ

मधू: नाना, 1969 च्या ऑगस्टात वुडस्टॉकच्या मेळाव्यात जिमी हेंड्रिक्सच्या गिटारीला तो विलक्षण हेलकावा ज्या युनि-व्हाइब नामक पेटीने दिला, ती अमेरिकन असावी असे मी धरून चाललो होतो. पेटीवर युनिव्हॉक्सचे नाव आहे, आणि युनिव्हॉक्स तर अमेरिकन. आता एक संग्राहक ती जपानी असल्याचे सांगतात. मग खरे काय मानावे?

नाना: पेटीवरच्या पट्टीवरून कुळ ठरवणे म्हणजे सातबाऱ्यावरील आजच्या कब्जेदारालाच घराण्याचा मूळ पुरुष मानणे होय. युनिव्हॉक्स हा अमेरिकेतील युनिकॉर्ड या आयातदार कंपनीचा छाप. आणि जपानी कारखान्याने माल घडवावा, परदेशी व्यापाऱ्याने त्यावर आपली मुद्रा उमटवून तो आपल्या मुलखात विकावा, असा त्या काळच्या धंद्याचा शिरस्ताच होता. ही पेटी बनवली शिन-एई या जपानी कंपनीने. परंतु तपास तेथेही थांबत नाही. कारण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हनी नावाच्या एका अल्पायुषी जपानी कंपनीने व्हायब्रा कोरस आणि सायकेडेलिक मशीन अशा नावांनी जी यंत्रे काढली, त्यांच्या पोटात हेच मंडल सापडते. हनी बुडाली आणि तिचा वारसा शिन-एईकडे गेला. या सर्व नावांमागचा अभियंता मात्र एकच, फुमिओ मिएदा.

मधू: त्यांनी लेस्लीच्या फिरत्या ध्वनिक्षेपकाची नक्कल करण्यासाठी हे योजले, असे सर्वत्र वाचायला मिळते.

नाना: मिळते खरे, एकाने लिहिले आणि दहांनी त्याची नक्कल केली, की वदंतेलाही दस्तऐवजाची प्रतिष्ठा येते. खुद्द मिएदांची साक्ष वेगळी आहे. लघुलहरींवर मॉस्को रेडिओ ऐकताना त्या दूरच्या ध्वनीत जो चढउतार, जे विरणे आणि पुन्हा उमलणे त्यांच्या कानी पडे, तोच परिणाम वाद्यात आणण्याची त्यांची तजवीज होती.

मधू: आवाज विरणे हा तर रेडिओचा दोष!

नाना: दोष खराच, आणि तो आमच्या पिढीच्या चांगल्याच परिचयाचा. माहितीमंत्री केसकरांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले, तेव्हा आम्ही रेडिओ सिलोनकडे वळलो, आणि बिनाका गीतमालेतील ऐन रंगात आलेले गाणे असेच बुडत-तरंगत ऐकले. आम्ही फार तर एरियलची तार हलवून पाहिली. मिएदांना त्यात संगीत ऐकू आले, हा त्यांच्या कानाचा मोठेपणा. असे होते कशामुळे, तर आयनांबरात परावर्तित होणाऱ्या लहरी निरनिराळ्या मार्गांनी, किंचित मागेपुढे आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांच्या कला, म्हणजे लहरींच्या चढउताराच्या अवस्था, जुळल्या की ध्वनी पुष्ट होतो, विरुद्ध पडल्या की क्षीण होतो, आणि आयनांबर सदैव चंचल असल्यामुळे ही जुळणी क्षणाक्षणाला बदलत राहते.

मधू: पण आयनांबर पेटीत कोंबायचे कसे?

नाना: एक छोटा बल्ब आणि त्याच्याभोवती चार प्रकाशसंवेदी रोधक, इतक्या सामग्रीवर! धातूच्या आवरणाखाली तो बल्ब मंद लयीत तेजाळतो आणि मंदावतो. त्याबरोबर रोधकांचा रोध घटतो-वाढतो आणि गिटारीच्या संकेताची कला चार टप्प्यांत सरकत जाते. सरकलेला संकेत मूळ संकेतात मिसळला की ‘कोरस’. मूळ वगळून सरकलेलाच ऐकवला की स्वर कंप पावतो, तो ‘व्हायब्रेटो’. लयीचा वेग पायाखालच्या पेडलवर.

मधू: पुढे आलेले फेजरही हेच करतात ना?

नाना: तत्त्व तेच, पण 1974 च्या एमएक्सआर फेज 90 मध्ये चारही टप्प्यांचे कंडेन्सर एकाच मूल्याचे आहेत, मिएदांनी मात्र 15 नॅनोफॅरड, 220 नॅनोफॅरड, 470 पिकोफॅरड आणि 4.7 नॅनोफॅरड अशी मूल्ये योजली. सर्वांत मोठे सर्वांत लहानाच्या साडेचारशे पटींहून अधिक! त्यामुळे एकाच वेळी स्वरपटाच्या निरनिराळ्या भागांत हालचाल होते. शिवाय बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, आणि हे रोधक उजेडाला जितके तत्पर तितके अंधाराला नाहीत. म्हणून हेलकावा सम न राहता एका बाजूला झुकतो. माझ्या मते या पेटीचे सारे वैशिष्ट्य या आळशीपणातच आहे.

मधू: म्हणजे कूळ शोधायचे तर झाकण उघडले पाहिजे.

नाना: अर्थात. पट्टीवरून विक्रेता कळतो; घडवणाऱ्याचा दाखला त्या चार विषम कंडेन्सरांत आणि बल्बाभोवतीच्या चौकडीत मिळतो. मिएदा पुढे कॉर्गकडे गेले आणि तेथे सिंथेसायझरच्या रचनेत त्यांनी नाव मिळवले. 2014 साली कॉर्गने त्यांच्याच देखरेखीखाली या यंत्राची नवी आवृत्ती काढली. तिचे नाव नुव्हाइब, आणि तिच्यात प्रकाशसंवेदी रोधकांचे काम ट्रान्झिस्टर करतात.