मासे आणण्याआधी

सातारा

चि. ओंकार,

तुझी आई फोनवर म्हणाली की टाकी आली, आता येत्या रविवारी मासे. रविवारी दगड आण, फिल्टर आण, वनस्पती आण. मासे मात्र महिनाभर तरी आणू नकोस.

मासा श्वास घेतो, खातो, त्यासरशी पाण्यात अमोनिया सोडतो. नदीत अमोनिया पांगतो. तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तरी छप्पन्न लिटर. तिथे तो साचतो आणि मासे मरतात. त्याचा निकाल लावणारे जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, ते रक्तात शिरलं की भरल्या पाण्यात मासा गुदमरतो. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे त्या मानाने निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही मंडळी मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी काचेसारखी स्वच्छ दिसते, त्यालाच लोक फसतात.

म्हणून फिल्टर रात्रंदिवस चालू ठेव आणि रोज माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या टाकीत टाक. ते कुजून अमोनिया होईल, जिवाणूंना तेच अन्न. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट घे. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील. एखाद्या मित्राची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुझ्या टाकीत पिळून घे. बरेच दिवस वाचतील. दुकानदार सांगेल, 'दोन गोल्डफिश सोडून बघा.' ऐकू नकोस. गोल्डफिश घाणही जास्त करतो, आणि मरणार तोच.

आता पाणी. तुमच्या नळाला कृष्णेचं पाणी; पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन वाढतं. क्लोरीन जिवाणूंनाही मारतं. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेव, हवेचा पंप लाव, किंवा दुकानातलं अँटिक्लोरीन मापानेच टाक. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात गप्पी, मोली खुशाल राहतात. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, ते पठारावरच्या पावसाचं, मऊ. त्यात जिवाणूंच्या कामाने आम्लता वाढत जाते आणि पुढे त्यांचंच काम रेंगाळतं. म्हणून मी फिल्टरमध्ये शिंपल्यांची पुरचुंडी ठेवतो.

नदीतले दगड आणशील तर त्यांवर लिंबू पिळून बघ. फसफसले तर त्यात चुना आहे, ते नकोत. काळा पाषाण चालतो, पण त्याच्या पोकळीतले पांढरे स्फटिक कधी कधी फसफसतात, ते दगड वगळ. टाकी साबणाने धुऊ नकोस. खाली थर्माकोलचा तुकडा घाल आणि खिडकीपासून लांब ठेव, नाहीतर शेवाळ. वीज गेली तर स्पंजावरच्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू दे. ही किरकोळ गोष्ट नव्हे.

मासे निवडताना एक सांगतो. आपल्या वेण्णा नदीत खवली नावाची छोटीशी मासळी आहे, ई. जी. सायलस यांनी 1953 साली ती जगाला प्रथम सांगितली, सह्याद्रीवरूनच तिचं शास्त्रीय नाव पडलं. वाहत्या ओढ्याची सवय असलेला जीव आहे तो. हौसेपायी तिला जाळ्याने पकडून आणू नकोस. पहिल्या खेपेला चार-पाच लहान गप्पी पुरे, पुढचे तीन आठवड्यांनी.

आणि कधी मासे नकोसे झाले, तर दुकानात परत दे, कुणाला दे, पण कृष्णेत सोडू नकोस. परके मासे नदीत शिरले की मूळच्यांना जागा उरत नाही. तिलापियाने ते दाखवून दिलंय.

किटवर दोन्ही आकडे शून्य दिसले की मला कळव, मग दुकानात मी बरोबर येतो.

तुझा
मामा