हॉर्न घरी ठेवून जा

परवा तुझा फोन आला. कंपनी तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला पाठवतेय, शेवटी सूनबाई आणि छकुली तिकडे येणार, मग भाड्याची गाडी घेऊन बारा दिवसांत स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया करून परत. हे सगळं एका दमात सांगितलंस आणि विचारलंस, "काका, गाडी कुठली घेऊ?" अरे लेका, चाकणच्या लाइनवर गाड्या जोडणारा तू, आणि गाडी मला विचारतोस? कुठलीही घे. डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि छकुलीची ढकलगाडी मावली की झालं. विचारायचं राहिलं ते वेगळंच. फोनवर सांगितलेलं तू गेटमधून पंच करेपर्यंत विसरतोस, म्हणून लिहून देतोय.

टेल्कोच्या कारखान्यात माझी बरीच वर्षं तपासणीत गेली. गाडी लाइनवरून उतरली की चेकशीट घेऊन तिच्याभोवती फिरायचं. टायर, नट, ब्रेक, दिवे, वायपर, दाराची फट. प्रत्येक ओळीपुढे खूण आणि खाली सही. त्या चेकशीटवर एकाच गोष्टीला रकाना नव्हता, तो म्हणजे चालवणारा. परदेशात गाडी सहसा बिघडत नाही, रस्ते तर आरशासारखे. बिघाड असतो तो आपण इथून अंगात घेऊन गेलेल्या सवयींत. तुझी तपासणी आधी करायची आहे, गाडीची नंतर.

माझंच सांगतो. १९९७ साली मला सहा आठवडे जर्मनीला पाठवलं होतं. दोनच वर्षांपूर्वी आपल्याकडे टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या गाड्या जुळायला लागल्या होत्या, त्यामुळे तिकडे जाऊन आलेला माणूस कँटीनमध्ये जरा कॉलर ताठ करून बसायचा. पहिला आठवडा मी जीव मुठीत धरून गाडी चालवली आणि एकही चूक केली नाही. दुसऱ्या रविवारी सकाळी ब्रेड आणायला निघालो. बेकरीच्या आवारातून बाहेर पडलो. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही. आणि मी अगदी निवांत, आकुर्डीत असल्यासारखा, डाव्या बाजूने निघालो. पाव किलोमीटर तरी गेलो असेन. समोरून एक म्हातारा गाडी घेऊन आला. तो थांबला, चारही इंडिकेटर लावले आणि माझ्याकडे बघत बसून राहिला. हॉर्न नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली. गर्दीत चूक होत नाही, कारण पुढची गाडी तुला ओढून नेते. चूक होते रिकाम्या रस्त्यावर: पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना, जेवून उठल्यावर, सकाळच्या पहिल्या वळणावर. त्यासाठी माझी एक खूण लक्षात ठेव. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. रेष तुझ्या खांद्याशी असली तर तू बरोबर आहेस. रेष सूनबाईच्या खांद्याशी गेली तर गाडी तिथेच थांबव. आणि सूनबाईला एक काम दे. गाडी कुठूनही रस्त्यावर आली की तिने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. तुला राग येईल. येऊ दे.

क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तिकडेही तोच, पायांना नवीन काही शिकायचं नाही. हात मात्र गोंधळतात. गिअर उजव्या हाताने टाकायचा, आणि पहिला गिअर आपल्याकडे तुझ्यापासून लांब असतो तो तिकडे तुझ्या मांडीकडे येतो. तुझी घरची गाडी ज्या घाटणीची आहे तिच्यात इंडिकेटरचा दांडा उजवीकडे. तिकडे तो डावीकडे, म्हणजे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला वायपर फिरणार. लोक हसतील. जमलं तर सरळ ऑटोमॅटिक गाडी घे. चार पैसे जास्त जातील, पण एक हात मोकळा राहील आणि डोकंही.

आता कागद. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथेच काढून ने. आपलं एमएच चौदाचं आरटीओ मोशीला, तुझ्या चाकणच्या वाटेवरच आहे, त्यामुळे सबब नको. फॉर्म ४अ, पासपोर्ट, तिकीट, हजार रुपये फी. परवाना फार तर एक वर्ष चालतो. पण तो एकट्याने काही कामाचा नाही, मूळ लायसन्सचं कार्ड सोबत हवंच. सूनबाई चालवणार असेल तर तिचाही परवाना काढ आणि गाडीच्या करारात दुसरी चालक म्हणून तिचं नाव घाल. नाव नसताना तिने गाडी घेतली आणि ठोकली, तर विमा हात वर करतो. गाडीचा विमा वेगळा आणि व्हिसासाठी काढलेला तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा वेगळा, हे एक समजू नकोस. बुकिंग करतानाच कुठकुठल्या देशांत जाणार ते सांग, सगळ्याच गाड्यांना सगळीकडे नेण्याची मुभा नसते. अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड दाखवलंस तर काउंटरवर उभा राहशील.

गाडी ताब्यात घेताना मात्र माझी चेकशीट काढ. मोबाइलवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ घे: रिम, बंपरच्या खालची कड, काच, छप्पर. ओरखडा सापडला तर तिथल्या माणसाकडून कागदावर लिहून घे. डिकीचा तळ उचलून बघ. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, पंक्चरचा डबा आणि छोटा पंप असतो. तो कसा वापरायचा हे आवारातच समजून घे, पावसात नाही. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट जर्मनीत गाडीत असावंच लागतं. जाकीट डिकीत नको, सीटखाली ठेव. गाडी बंद पडली तर अंगावर चढवूनच खाली उतरायचं असतं. हवेचा दाब दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआड लिहिलेला असतो. तिथे दोन आकडे असतात. तुमची गाडी भरलेली असणार, तेव्हा मोठा आकडा घे.

इंधन भरताना आपल्यासारखा पोऱ्या येत नाही, नळी तूच धरायची. रंगावर जाऊ नकोस, खूण बघ. पेट्रोलची खूण गोल, आत ई५ किंवा ई१०. डिझेलची चौकोनी, आत बी७. गाडीच्या झाकणाआतही तीच खूण असते. भरून झालं की पंपाचा नंबर लक्षात ठेवून आत जाऊन पैसे द्यायचे. आणि टाकी पाव भाग उरली की भर. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, इंधन संपून गाडी थांबली तर तो गुन्हा धरतात, कारण ते टाळता येण्यासारखं होतं.

पंपावरून आठवलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास कुणी केला ठाऊक आहे? बर्था बेंझ या बाईने, ऑगस्ट १८८८ मध्ये. नवऱ्याने बनवलेली तीनचाकी काढली, त्याला न सांगता दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर, निघाली कुठे तर आईकडे. म्हणजे पहिली लांब पल्ल्याची गाडी गेली ती माहेरी! वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. आमच्या खात्यात याला रोड टेस्ट म्हणायचे, आणि इतका नेमका रिपोर्ट मी इतक्या वर्षांत क्वचित वाचला. मानहाइम स्टुटगार्टपासून लांब नाही, वाट वाकडी करून वीसलोख बघून ये.

आता तिथल्या रस्त्यावरचं. तू रोज चाकणच्या तळेगाव चौकातून जातोस. तिथला नियम काय? ज्याचं बंपर आधी घुसलं, तो पुढे. हा नियम विमानतळावरच ठेवून जा. जर्मनीत गावातल्या गल्ल्यांच्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणारा आधी जातो. त्याची गल्ली बोळाएवढी असो, तुझा रस्ता मोठा असो. तो बघतसुद्धा नाही, सरळ येतो, कारण तू थांबणार हे त्याने धरलेलंच असतं. पिवळा हिरकणीच्या आकाराचा फलक दिसला तर तुझा रस्ता मुख्य. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की वेग पन्नास, दुसरा फलक वेगळं सांगत नसेल तर. झेब्रावर कुणी पाय ठेवायच्या बेतात असेल तरी थांबायचं.

ऑटोबानवर वेगाला मर्यादा नाही असं सगळे सांगतात. अर्धंच खरं आहे. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा असते, आणि नसते तिथेही शिफारस १३० ची. तू १२० ने उजव्या लेनमधून जा. ओव्हरटेक करायचा तर डावीकडूनच, करून झाल्यावर परत उजवीकडे यायचं. आपल्या एक्स्प्रेसवेवर कंटेनरवाले ओव्हरटेकच्या लेनला चिकटून चालतात आणि आपण डावीकडून काढतो, ती खोड तिकडे एकदाही नको. लेन बदलण्याआधी आरशात दोनदा बघ. पहिल्यांदा बघितलेला ठिपका दुसऱ्यांदा बघेपर्यंत मागच्या काचेवर आलेला असतो. पुढच्या गाडीपासून अंतर किती? काट्याच्या निम्मे मीटर. १२० ला साठ मीटर. आपल्याकडे साठ मीटरमध्ये तीन टेम्पो घुसतात, तिकडे कुणी घुसत नाही. आणि ट्रॅफिक अडला, गाड्या थांबायला लागल्या की सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मधून रुग्णवाहिकेला वाट. ही वाट सायरन ऐकल्यावर नाही, गाड्या मंदावतानाच करायची असते.

सरहद्दीवर सहसा कुणी अडवत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीची टोलची पावती, लागते, एकच वर्षाची, चाळीस फ्रँकची. तुम्ही दोन दिवस राहणार तरी तीच. ऑस्ट्रियाची वेगळी, दहा दिवसांची मिळते, आणि ब्रेनरच्या महामार्गाचा टोल तिच्यात धरलेला नाही. इटलीत आपल्यासारखे टोलनाके आहेत. आत शिरताना चिठ्ठी, बाहेर पडताना पैसे. टेलिपास लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये घुसू नकोस. तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाडीला बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी तुझ्यापर्यंत येतो. हॉटेल त्या भागात असेल तर आधी विचारून गाडीचा नंबर नोंदवून घे.

स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डचा बोगदा लागेल. १९८० साली खुला झाला, जवळजवळ सतरा किलोमीटर. आपल्या कामशेतच्या बोगद्यात एक गाणंही पुरं होत नाही, इथे तेरा-चौदा मिनिटं आतच. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच नळीत. २००१ मध्ये दोन ट्रकची टक्कर होऊन आत आग लागली, अकरा माणसं गेली. अंतर ठेव, रेडिओ चालू ठेव, बाहेर पडण्याची दारं मोजत जा. घाट उतरताना काय करायचं ते तुला बोरघाटाने शिकवलंय: गिअर खाली, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

छकुलीची सीट. मांडीवर घेणं विसरा. तिकडे बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. पण ती सीट तिने पहिल्यांदा तिकडेच बघितली तर तासभर रडेल. आताच एक सीट आणा आणि रोज अंगणवाडीला त्यात बसवून न्या. महिन्याभरात स्वतःच पट्टा लावायला मागेल.

खायचं सूनबाईला मी वेगळं सांगतो. धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नको, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-फळं घेऊन ठेवा. स्वच्छतागृहाला एक युरोचं नाणं लागतं, खिशात सुटे असू देत.

दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ नकोस. त्या दोघी विमानातून उतरतील त्या दिवशी तर गाडीला हातच नको, रेल्वेने घरी या आणि झोपा. बारा दिवसांत जर्मनी धरून चार देश करायचेत हे ऐकूनच मला दम लागला. एक देश गाळ. इटली गाळली तरी चालेल, छकुलीला काय फरक पडतो.

राहिला हॉर्न. तो तिकडे धोक्यापुरताच. आणि तुझा अंगठा दर दोनशे मीटरला हॉर्नकडेच जातो, मी शेजारी बसलेलो असताना मोजलंय. म्हणून शनिवारी सकाळी सहाला गाडी घेऊन ये. निगडीपासून जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत जाऊ. अंतर राखायचं, लेन धरायची आणि हॉर्न एकदाही नाही. वाजवलास तर मी तळेगावला उतरेन आणि लोकलने घरी येईन.